मी थकले आहे, हे देवाला सांगावे की लपवावे?

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

“आदरणीय ताई, सप्रेम जय ख्रिस्त. आम्ही नाशिकरोडला राहतो. माझे यजमान प्रेसमधून निवृत्त झाले आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली, बोलणे जवळजवळ गेले. त्याला आता दोन वर्षे होत आली. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो पैसे पाठवतो आणि महिन्यातून एकदा येतो. बाकी सगळे माझ्याकडे आहे. आमच्या मंडळीच्या भगिनी मंडळाचे काम मी अनेक वर्षे पाहते. सगळ्या म्हणतात, ‘बाई, तुमचा विश्वास म्हणजे डोंगर.’ गेल्या महिन्यात यजमानांनी जेवणाचे ताट ढकलले आणि मी त्यांच्या हातावर फटका मारला. ते लहान मुलासारखे रडले. त्या रात्रीपासून मला प्रार्थना करता येत नाही. भिंतीवर वचन लावले आहे, की जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे. त्याच्याकडे पाहिले की राग येतो. प्रार्थनेला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, की तुमचा भरवसा गोळ्यांवर आहे म्हणून देव काम करत नाही. गोळ्या बंद करा आणि दोघांनीही उपवास-प्रार्थना धरा. शेजारच्या काकू डबा देऊ का म्हणून विचारतात. त्या आपल्या समाजातल्या नाहीत, आणि मला घ्यायला संकोच वाटतो. पुढच्या महिन्यात भगिनी मेळाव्यात ‘देव माझे सामर्थ्य’ या विषयावर मला साक्ष द्यायची आहे. मी काय सांगू? माझा विश्वास संपला आहे का?”

प्रिय भगिनी, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी गोळ्यांचा विषय संपवू, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. ज्या माणसाला एकदा पक्षाघात झाला आहे त्याला दुसरा झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि रक्तदाबाच्या व रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या हा धोका कमी ठेवण्यासाठीच दिलेल्या असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका. एक दिवससुद्धा नको, आणि सांगणारा कितीही मोठा प्रार्थनेचा माणूस असला तरी नको. उपवास करायचा असेल तर तो त्या गृहस्थांनी स्वतः खुशाल करावा. दुसऱ्याच्या घरातील आजारी माणसाला उपाशी ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. माझा स्वर कठोर वाटत असेल, पण असल्या सल्ल्यापुढे मऊ बोलण्यात मला अर्थ दिसत नाही.

शास्त्राचाच आधार हवा असेल तर हिज्कीया राजाचे दुखणे आठवा. तो मरणाच्या दारात होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली, देवाने ती ऐकली आणि त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षांची भर घालण्याचे वचन दिले. आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप मागवून तो त्याच्या गळवावर बांधायला लावला. ज्या देवाने वचन दिले त्याला त्या लेपात आपला कमीपणा वाटला नाही. प्रेषित पौलाच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता, आणि पौल तीमथ्याला त्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी व वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा असे लिहितो. तुझा विश्वास कमी पडतो असे त्याला कळवत नाही. (नाशिकच्या मंडळींनी या वचनाचा सोयीचा अर्थ काढू नये, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा गोळ्या वेळेवर द्या आणि देताना हवे तर प्रार्थना करा, या दोन गोष्टींचे एकमेकींशी वैर आहे असे पवित्र शास्त्रात मला कोठेही आढळलेले नाही.

आता भिंतीवरच्या वचनाकडे वळू. ते फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन आहे आणि आपल्या घरांतून, कॅलेंडरांवर, गाड्यांच्या काचांवर ते जितके दिसते तितके दुसरे क्वचितच दिसत असेल. चौदावे वचन मात्र कोणी चौकटीत बसवत नाही. पौल बंदिवासात आहे, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली आहे, आणि तिची पोच देताना तो म्हणतो, की मला भुकेले राहणे आणि तृप्त असणे, विपुलता आणि टंचाई या दोन्ही अवस्था शिकवलेल्या आहेत, आणि मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी हे सर्व निभावू शकतो. आणि मग लगेच, त्याच दमात, तो पुढे लिहितो की तरीही तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगले केलेत. म्हणजे ‘सर्वकाही’ या शब्दात टंचाई सोसणे आहे, अवलंबून राहणे आहे, दुसऱ्याने पाठवलेली मदत उघडपणे स्वीकारणे आहे. रात्रभर दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलून सकाळी सहाला स्वयंपाकघरात हसतमुखाने उभे राहणे, तेही वर्षानुवर्षे आणि एकटीने, असा त्याचा अर्थ पौलाच्या मनात असल्याची कोणतीही खूण त्या पत्रात नाही. शिवाय तो एपफ्रदीतच वाटेत किंवा तिथे पोहोचल्यावर इतका आजारी पडला की मरणाला टेकला. आणि तो बरा झाला तेव्हा पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही, म्हणजे मला दुःखावर दुःख होऊ नये. ‘सर्वकाही करावयास शक्तिमान’ असलेल्या प्रेषिताला आणखी एक दुःख झेपले नसते, असे तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. तुमचा राग त्या वचनाच्या अर्ध्या वाचनावर आहे, आणि तो रास्त आहे. भिंतीवरून ते काढू नका. फक्त त्याखाली चौदावे वचनही लिहा.

‘तुमचा विश्वास म्हणजे डोंगर’ असे म्हणणाऱ्या भगिनींविषयीही थोडे बोलले पाहिजे. त्यांच्या मनात वाईट काही नाही हे मी जाणते, परंतु ही स्तुती करणाऱ्याला फार सोयीची पडते. डोंगराला रात्री झोप मिळाली का हे कोणी विचारत नाही, आणि डोंगराच्या घरी दोन तास बसायला यावे लागत नाही. तुम्ही ती स्तुती स्वीकारत गेलात, तिच्याप्रमाणे राहण्याचा प्रयत्न करत गेलात, आणि आता तिच्यामुळेच तुम्हाला ‘मला होत नाही’ हे तीन शब्द उच्चारता येत नाहीत. देवाचे सामर्थ्य आपल्याला हवे आहे, पण ते आपले स्वतःचे आहे असे इतरांना दिसावे, ही अडचण तुमच्या एकटीची नाही. मंडळीच्या कामात वर्षे घालवलेल्या बहुतेक माणसांना ती कधी ना कधी गाठते.

पवित्र शास्त्रातील थोर माणसे हे शब्द किती सहज उच्चारतात ते पाहा. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएलाचा पुढारी मोशे देवाला स्पष्ट सांगतो की या सर्व लोकांचा भार मला एकट्याला वाहवत नाही, तो मला फार जड आहे, आणि असेच चालायचे असेल तर मला मारून टाक. अशी ‘अविश्वासू’ प्रार्थना आपल्या प्रार्थनासभेत कोणी केली तर आपण एकमेकींकडे पाहू. देवाने मोशेला त्यासाठी दटावले नाही, आणि त्याच्या अंगी एकदम दुप्पट बळही घातले नाही. त्याने सांगितले की इस्राएलाच्या वडिलांतून सत्तर माणसे गोळा कर, म्हणजे ते तुझ्याबरोबर हा भार वाहतील. प्रार्थनेचे उत्तर म्हणून सत्तर माणसे आली. त्याच्या आधी रफीदीमला अमालेकाशी लढाई झाली तेव्हाही असेच घडले होते. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई आणि हात खाली आले की अमालेकाची. आणि मोशेचे हात भरून आले. देवाला त्या हातांत न थकण्याची शक्ती घालणे अवघड नव्हते. तसे न करता अहरोन आणि हूर यांनी एक धोंडा आणून त्याला त्यावर बसवले आणि दोघांनी दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. मला या वृत्तान्तात तो धोंडा विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आधी त्याला बसू दिले आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर तुम्ही भगिनी मंडळात कितीदा तरी शिकवली असेल. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर ईजबेल राणीच्या एका निरोपाने तो जीव घेऊन पळाला, चाकराला बैर-शेबा येथे ठेवून एकटाच रानात गेला, आणि रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणून मरण मागू लागला. देवदूताने त्याला काय सांगितले? ऊठ, खा. तो जेवला, पाणी प्याला, आणि पुन्हा निजला. देवदूताने त्याला निजू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला सांगितले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. त्याच्या निराशेची चर्चा, त्याच्या चुकीच्या समजुतीची दुरुस्ती, त्याला नेमून दिलेले पुढचे काम, हे सर्व नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर आले. भुकेल्या आणि झोप न मिळालेल्या माणसाला देवाने आधी भाकर आणि झोप दिली, हा क्रम मी तुमच्यासाठी मुद्दाम पुन्हा लिहिते, कारण तुम्ही तुमच्या विश्वासाची तपासणी अशा वेळी करायला बसला आहात जेव्हा तुम्हाला दोन वर्षांत सलग एक रात्र झोप मिळालेली नसावी. या स्थितीत काढलेला निष्कर्ष मी ग्राह्य धरणार नाही, आणि तुम्हीही धरू नये.

आता तो काटा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की त्याच्या शरीरात एक काटा होता. तो कसला हे त्याने लिहिले नाही आणि पुढच्या लोकांनी केलेले सारे तर्क तर्कच राहिले आहेत. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेला येते. हे वचन आपल्याकडे दुखणेकऱ्याच्या उशाशी नेहमी वाचले जाते आणि ते वाचून झाल्यावर भेटायला आलेले लोक घरी जातात. पण त्याच पत्राचे बाकीचे अध्याय वाचले तर ही कृपा पौलापर्यंत कोणत्या रस्त्याने येत होती तेही दिसते. पहिल्याच अध्यायात तो कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीबाहेर ओझे पडले, इतके की जगण्याचीही आशा उरली नाही. आणि हे अशासाठी झाले की आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. एवढे बोलून तो थांबत नाही. दोनच वचनांनंतर तो करिंथकरांच्या प्रार्थनेचे साहाय्य जमेस धरतो. सातव्या अध्यायात तो लिहितो की मासेदोनियात आल्यावरही आमच्या देहाला चैन नव्हते, बाहेर भांडणे आणि आत भीती होती. परंतु दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने आमचे सांत्वन केले. तीत हा चालत, प्रवास करत, बातमी घेऊन आलेला एक माणूस होता. पौलाला त्याच्या येण्यात देवाचे सांत्वन ओळखता आले, आणि माझ्या मते तुमच्या पत्राचा सगळा गाभा इथे आहे. देवाचे सामर्थ्य तुमच्या छातीतून आपोआप उसळून येईल म्हणून तुम्ही वाट पाहत आहात, आणि ते येत नाही म्हणून देव रुसला असे समजत आहात. मात्र ते दारावर येऊन उभे राहते तेव्हा तुम्ही ‘नको, आमचे चालले आहे’ असे म्हणून त्याला परत पाठवत आहात.

दारावर म्हणजे शब्दशः दारावर. शेजारच्या काकूंचा डबा आजच घ्या. एलीयाला दुष्काळात देवाने इस्राएलात कोणाकडे पाठवले नाही. सीदोन देशातील सारफथ गावच्या एका परक्या, गरीब विधवेकडे पाठवले, आणि तिच्या मूठभर पिठावर तो संदेष्टा जगला. काकूंना भाजी कशी हवी ते मोकळेपणी सांगा, डबा परत करताना कधी तो भरून द्या, कधी नुसताच धुऊन द्या. याहून अधिक विचार या बाबतीत करण्याची गरज मला दिसत नाही.

आपल्या नाशिकच्या इतिहासातलेही एक उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. शरणपूरच्या रस्त्याने आपण नेहमी जातो. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात तिथे ख्रिस्ती वसाहत वसवली, आणि समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा, शिक्षण आणि हातांना उद्योग दिला. त्या मुलांपैकी जेकब वेनराइट आणि आणखी काही जण पुढे आफ्रिकेत जाऊन १८७२ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या ताफ्यात सामील झाले. लिव्हिंगस्टनची कीर्ती त्याच्या पायांची होती. आफ्रिका खंड पायी ओलांडणारा माणूस म्हणून जग त्याला ओळखत होते. त्याला शेवटच्या दिवसांत आजाराने एक पाऊल टाकवेना, तेव्हा त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याला डोलीत घालून चिखलपाण्यातून खांद्यावर नेले. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, तो खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला त्यांना आढळला. त्याचे हृदय त्यांनी तिथेच झाडाखाली पुरले आणि त्या वेळी वेनराइटने दफनविधीची प्रार्थना वाचली. देह मात्र त्यांनी कित्येक महिने चालून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचे दफन झाले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइटही होता. एका जगप्रसिद्ध मिशनऱ्याला ज्यांनी वाहून नेले त्यांत एकेकाळी गुलाम म्हणून विकली गेलेली, शरणपूरला लिहायला-वाचायला शिकलेली मुले होती. शिकवणारे आणि सांभाळणारे कायम आपणच असू, असे ज्यांना वाटते त्यांनी (आणि भगिनी मंडळाच्या प्रमुखांना असे वाटणे स्वाभाविक आहे) हा इतिहास लक्षात ठेवावा. शिवाय तो शरणपूरच्या बाहेर फारसा कोणाला ठाऊकही नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

फटक्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पत्र त्या ओळीसाठी लिहिले आहे हे मला समजले. तो फटका चुकीचा होता. तुम्ही थकला होता हे त्याचे कारण आहे; त्याने तो योग्य ठरत नाही, आणि मी तसे म्हटले तर तुमच्या मनाला ते पटणारही नाही. म्हणून यजमानांजवळ बसून, त्यांचा हात हातात घेऊन, सरळ शब्दांत क्षमा मागा. त्यांना बोलता येत नसले तरी समजत नाही असे धरून चालू नका. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होते तेव्हा उजवे अंग आणि बोलणे एकदम जाऊ शकते, पण समजूत पुष्कळ वेळा बऱ्याच अंशी शिल्लक असते. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही तो ताट ढकलतो. त्यामागे काहीही असू शकते : घास गिळताना त्रास होत असेल, जेवताना ठसका लागत असेल, मन खचले असेल. पक्षाघातानंतर नैराश्य येणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, आणि मेंदूच्या इजेमुळे काही रुग्णांना क्षुल्लक कारणाने अनावर रडू किंवा हसू येते, हेही डॉक्टरांना चांगले माहीत असते. तेव्हा त्या रात्रीच्या रडण्यात तुमच्या फटक्याचे दुःख किती आणि आजाराचा भाग किती हे ठरवण्याचा प्रयत्न करू नका. या सर्व गोष्टी पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. ठसका लागत असेल तर तपासणीची वाट न पाहता सांगा, कारण अन्न फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होण्याची भीती असते. वाचा-उपचाराविषयीही विचारा, होकार आणि नकार यांसाठी एखादी खूण जरी दोघांत ठरली तरी घरातला ताण पुष्कळ कमी होतो. आणि पुन्हा कधी हात उचलावासा वाटला, तर ताट बाजूला ठेवून, ते सुरक्षित आहेत एवढे पाहून, खोलीबाहेर निघून जा. जेवण दहा मिनिटे उशिरा झाले तर काही बिघडत नाही. असे वारंवार वाटू लागले तर मात्र ती गोष्ट एकटीपाशी ठेवू नका.

तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी पत्रात एक अक्षर नाही. तुमचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला? झोप, भूक, रडू, सतत चिडचिड आणि पूर्वी ज्यात आनंद वाटे त्या प्रार्थनेतही मन न लागणे, हे सर्व एकत्र आले की डॉक्टरांकडे जावे, कारण दीर्घकाळ सेवा करणाऱ्या माणसांनाही नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. घराबाहेर पडणे जमत नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तिथे बोलल्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही.

मुलाला सांगा की पैशांइतकीच तुम्हाला रात्रींची गरज आहे. त्याने महिन्यातून दोनदा यावे, आणि आलेल्या रात्री वडिलांच्या खोलीत त्याने झोपावे, तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून. तो पाठवतो त्या पैशांतून आठवड्यातील काही रात्रींसाठी रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत माणूस ठेवणे शक्य आहे का, याचा हिशोब त्याच्याबरोबर बसून करा. रात्रीची कूस बदलणे टाळता येत नाही, पण ती तुम्हीच बदलली पाहिजे असे नाही. तुमच्या पाळकांनाही हे पत्र दाखवा किंवा तोंडी सांगा. त्यांना ठाऊक आहे असे गृहीत धरू नका; तुम्ही उपासनेनंतर दारात हसून हस्तांदोलन करत असाल तर त्यांना कळणार कसे?

प्रार्थनेचे काय? काही दिवस तुम्ही ती करू नका असे मी म्हणणार नाही, पण ती लहान करा. ‘प्रभू, मी थकले’ ही पूर्ण प्रार्थना आहे. मोशेची याहून फार वेगळी नव्हती. तेवढेही होत नसेल तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्या अशक्तपणात हातभार लावतो आणि शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून आहे. आणि कफर्णहूम येथील त्या पक्षाघाती माणसाला आठवा, ज्याला चौघांनी उचलून आणले आणि गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उकलून खाली सोडले. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या खाटेवरच्या माणसाने विश्वासाचा एक शब्द उच्चारल्याचा उल्लेख नाही. तुम्ही आजवर या गोष्टीतील खाटेवर यजमानांना पाहत आला असाल आणि चार टोकांपैकी एक तुमच्या हाती आहे असे समजत असाल. सध्या तुम्हीही त्याच खाटेवर आहात, आणि तुमच्यासाठी विश्वास धरण्याचे काम काही काळ इतरांनी करायचे आहे. तुमचा विश्वास संपला आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे की ज्याचा विश्वास संपलेला असतो तो देवाशी बोलता येत नाही म्हणून रात्रभर तळमळत नाही.

राहिला मेळावा. साक्ष रद्द करावीशी वाटली तर अवश्य रद्द करा. प्रकृतीचे कारण खरेच आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पण बोलायचे ठरवलेत तर नेहमीचा शेवट जोडू नका. आपल्या साक्षींची एक ठरलेली चाल झाली आहे : संकट आले, गुडघे टेकले, संकट गेले, देवाचे नाव धन्य असो. ज्यांचे संकट गेलेले नाही अशा भगिनी त्या सभेत मागच्या बाकांवर बसलेल्या असतात, आणि दर वर्षी अशी साक्ष ऐकून आपलेच काही चुकते आहे असे समजून घरी जातात. तुम्ही करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील आठवे ते अकरावे वचन वाचा. ‘देव माझे सामर्थ्य’ हा विषय तसाच ठेवा, आणि सांगा की हे सामर्थ्य या महिन्यात माझ्याकडे शेजारणीच्या डब्यातून आले, मुलाच्या दोन रात्रींतून आले, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आले. माझ्या आतून फारसे आले नाही, आणि यजमान अजून तसेच आहेत. फटक्याची गोष्ट सांगू नका. ती तुमची एकटीची नाही, यजमानांचीही आहे, आणि भरसभेत ती सांगितली जावी की नाही हे विचारले तर ते नकाराची खूण करतील असे मला वाटते.

बोलणे संपले की आमेन म्हणण्यापूर्वी मदत मागा. मोघम ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणू नका, कारण त्याला सगळ्या हो म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच आमच्या घरी यजमानांपाशी कोण बसू शकेल, असे वार आणि वेळ देऊन विचारा, आणि वही तिथल्या तिथे फिरवा. एकदा चहा सुरू झाला की सगळ्यांना सिटीलिंकची बस गाठायची घाई होते, मग नावे मिळत नाहीत.